दुष्काळ सहन करणारे पीक म्हणजे नेमके काय? रब्बी ज्वारीच्या मुळापासून जनुकापर्यंत

२०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने जनुकीय संपादनातून, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जनुकांत ठरवून केलेल्या बदलातून, तयार झालेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राइस १’ हा वाण पाण्याचा ताण आणि क्षारपड जमीन सोसणारा म्हणून ओळखला जातो. अशी बातमी मराठवाड्यात वाचली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: भाताला जे जमले ते आमच्या ज्वारीला, बाजरीला, गव्हाला का जमू नये? २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या माणसाने हा प्रश्न विचारणे रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका दमात देणारा माणूस बहुधा बियाणे विकत असतो. दुष्काळ सहन करणे हा पिकाचा एखादा सुटा गुण नसून, पाणी कधी खर्च करायचे आणि कधी राखून ठेवायचे याविषयीच्या अनेक सवयींची ती बेरीज असते. त्यांतली कोणती सवय उपयोगी आणि कोणती अंगलट येणारी, हे जमीन किती खोल आहे आणि ताण पिकाच्या कोणत्या अवस्थेत येतो यावर ठरते.

पिकाला एवढे पाणी लागतेच कशाला?

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी जेमतेम एक-दोन टक्के पाणी पिकाच्या अंगात राहते आणि बाकीचे पानांतून वाफ होऊन हवेत जाते. हा निव्वळ अपव्यय वाटला, तरी तो टाळण्याची सोय पिकाला नाही. पानावर उघड्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड याच छिद्रांतून आत घ्यावा लागतो, आणि छिद्र उघडले की आतल्या ओल्या पेशींवरची वाफ त्याच वाटेने बाहेर पडते. दाणा, धाट, पाला, मुळे असे सगळे धरून एक किलो कोरडे वजन तयार करायला ज्वारीला ढोबळमानाने ३०० लिटर, तर गव्हाला ५०० लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे छिद्रे मिटून पाणी वाचवणारे पीक त्याच वेळी उपाशीही राहत असते. दुष्काळ सोसणाऱ्या वाणांबद्दलची प्रत्येक बातमी वाचताना ही अडचण ध्यानात ठेवावी, कारण ती चुकवणारा वाण आजवर कोणी तयार केलेला नाही.

ज्वारी आणि गहू यांच्यातला फरक कुठून येतो, हेही येथेच पाहून घेऊ. हवेतला कार्बन पकडण्याचे काम पानातले ‘रुबिस्को’ नावाचे प्रथिन करते, आणि ते चुकून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही पकडते. ऊन वाढले की या चुका वाढतात आणि पिकाची बरीच मेहनत वाया जाते. गहू आणि भात ही चूक निमूटपणे सोसतात. ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र पानाच्या शिरांभोवती खास पेशींचे कडे उभारले आहे. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड गोळा करून या कड्यात दाटीने भरतात, त्यामुळे रुबिस्कोला ऑक्सिजन पकडायला फारसा वावच राहत नाही. आत कार्बनचा साठा असल्याने छिद्रे अर्धवट मिटली तरी काम चालते. ही रचना भातात आणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००८ पासून सुरू आहे आणि असा भात अजून शेतापर्यंत पोहोचलेला नाही, कारण त्यासाठी एखाददुसरे जनुक पुरत नाही. पानाची आतली बांधणीच बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट कोणालाही शेतात पाहता येईल. पोटरीत आलेल्या ज्वारीच्या धाटावर, पानाने धाटाला वेढलेल्या भागावर बोट फिरवले की पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. ते मेण असते. छिद्रे मिटल्यानंतरही पानाच्या आणि धाटाच्या त्वचेतून जे पाणी झिरपत राहते, त्याला हे मेण अडवते.

छिद्रे मिटवण्याचा हुकूम कोण देतो?

प्रत्येक पर्णरंध्राच्या दोन्ही अंगांना एकेक रक्षक पेशी असते. या दोन पेशी पाण्याने फुगल्या की त्यांच्यामधली फट उघडते आणि सैल पडल्या की फट मिटते. माती सुकू लागली की पिकात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक, म्हणजे एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारे रसायन, वाढू लागते. हा निरोप ओळखणारी पेशीतली प्रथिने शास्त्रज्ञांना २००९ मध्ये सापडली. निरोप मिळाल्यावर रक्षक पेशींतून पोटॅशियमसारखे क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघून जाते आणि फट मिटते.

ज्या जनुकावरून ‘डीएसटी’ हे नाव पडले, ते या साखळीतलेच आहे. जनुक म्हणजे एखादे प्रथिन तयार करण्याची, पेशीत लिहून ठेवलेली सूचना. भातातले डीएसटी जनुक छिद्रे मिटण्याला आळा घालते. ते निकामी झाले की छिद्रे अधिक घट्ट मिटतात आणि त्यांची दाटीही कमी होते. हे २००९ मध्ये चीनमधील संशोधनातून पुढे आले होते. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी आंध्रातल्या लोकप्रिय ‘एमटीयू १०१०’ या वाणात तेच जनुक संपादनाने निकामी केले.

येथे थोडे थांबून विचार करायला हवा. जे जनुक बिघडवल्याने पीक सुधारते, ते निसर्गाने इतकी युगे जपून का ठेवले असेल? कारण पाणी मुबलक असते तेव्हा छिद्रे उघडी ठेवणाऱ्या झाडाला अधिक अन्न मिळते. डीएसटी हे सुकाळात कामाला येणारे जनुक आहे. दुष्काळाशी संबंधित बहुतेक जनुकांची गोष्ट अशीच दुहेरी असते.

छिद्रांखेरीजही पिकाकडे इतर उपाय असतात. पान सुरळीसारखे वळवून उन्हाला सामोरा जाणारा भाग कमी करणे हा एक. पेशींत प्रोलिनसारखी विरघळणारी द्रव्ये साठवून, मातीने घट्ट धरून ठेवलेले थोडे पाणीही ओढून घेणे हा दुसरा. पाणी ओसरले तरी पेशीतली प्रथिने मोडू नयेत म्हणून त्यांना सांभाळणारी वेगळी प्रथिने तयार करणे हा तिसरा. प्रयोगशाळेतल्या कुंडीत या गोष्टी फार ठळक दिसतात. शेतातल्या उताऱ्यात त्यांचा वाटा त्या मानाने लहान असतो.

पण दुष्काळ कोणता?

माझ्या मते बातम्यांत हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. एका घरी दिवाळीला हौद काठोकाठ भरला आहे, यापुढे टँकर येणार नाही हे पक्के ठाऊक आहे आणि फेब्रुवारीत घरात लग्न आहे, अशी कल्पना करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हात सैल सोडून पाणी वापरले, तर ऐन लग्नात हौदाचा तळ दिसेल. रब्बी ज्वारी दर वर्षी नेमकी याच स्थितीत असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वापसा पाहून पेरा होतो, परतीचा पाऊस संपतो, आणि त्यानंतर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच चार महिने काढायचे असतात. फुलोरा येतो आणि दाणे भरू लागतात तेव्हा ओल जवळपास संपलेली असते. याला शेवटचा ताण म्हणू.

खरिपातला दुष्काळ वेगळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस तीन-चार आठवडे ओढ देतो आणि पुन्हा येतो. तेथे टँकर येणारच आहे, फक्त उशिरा. अशा वेळी फार काटकसर करणारे पीक वाढीच्या दिवसांत मागे पडते आणि पाऊस आल्यावर त्याने राखलेल्या पाण्याला काही मोल राहत नाही. तेथे खंडाच्या काळात वाढ थांबवून तग धरणारे आणि पाऊस येताच पुन्हा जोमाने फुटणारे पीक हवे. या कामात बाजरीचा हात धरणारे पीक क्वचितच सापडेल. मुख्य धाट करपले तरी ती नवे फुटवे काढते. शिवाय बाजरीचे काही वाण इतके हळवे असतात की ताण येण्यापूर्वीच ते कापणीला येतात. हे दुष्काळ सोसणे नव्हे, त्याला चुकवणे आहे; पण शेतकऱ्याच्या घरात धान्य येते आणि तेवढे पुरे असते.

हे दोन ताण जनुकांच्या पातळीवरही वेगळे आहेत, याचा उत्तम पुरावा ज्वारीतच मिळतो. टेक्सासमधील पैदासकारांकडे ‘बी ३५’ आणि ‘टीएक्स ७०००’ असे ज्वारीचे दोन वाण होते. बी ३५ फुलोऱ्यानंतरचा ताण उत्तम सोसते, परंतु फुलोऱ्याआधी ताण बसला की कोलमडते. टीएक्स ७००० चे याच्या अगदी उलट. आता या दोघांपैकी ‘दुष्काळ सहन करणारी’ कोणती म्हणायची? परभणीच्या रब्बीसाठी उत्तर एक येईल आणि खरिपासाठी दुसरे.

हिरवे राहणारे पान

बी ३५ ची मुळे इथिओपियातल्या एका देशी ज्वारीत आहेत. तिचा विशेष असा की दाणे पक्व होताना, इतर वाणांची पाने खालून वर वाळत जात असताना, तिची पाने हिरवी राहतात. १९९० च्या दशकाअखेरीस आणि २००० च्या सुमारास संशोधकांनी या गुणामागचे ज्वारीच्या गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग हुडकले. गुणसूत्र म्हणजे जनुकांची लांबच लांब माळ, आणि ज्वारीत अशा दहा वेगवेगळ्या माळा असतात.

सुरुवातीला समज असा होता की पान म्हातारे होऊ न देणारे एखादे रसायन या वाणात असावे. क्वीन्सलँड विद्यापीठातील अँड्र्यू बॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे मांडले ते अधिक साधे आणि मला अधिक सुंदर वाटते. गुणसूत्रांचे हे भाग असलेल्या ज्वारीला फुटवे कमी येतात आणि वरची पाने आकाराने लहान राहतात, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत तिचा एकूण पसारा आटोपशीर असतो. पसारा लहान म्हणून आधीच्या दोन महिन्यांत पाणी कमी उडते, आणि ते जमिनीत शिल्लक असल्याने दाणे भरताना पाने हिरवी राहू शकतात. घरात पाहुणे कमी ठेवले म्हणून लग्नापर्यंत हौद पुरला, इतकाच याचा अर्थ. हिरवे पान हा परिणाम आहे, कारण आधीच्या दिवसांत घडून गेलेले असते.

शेवटी राहिलेल्या थोड्या पाण्याचे मोल किती असते? ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की दाणे भरताना जमिनीच्या खोल थरातून मिळालेल्या प्रत्येक मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी ५० किलोहून अधिक जादा दाणा मिळू शकतो. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, जेमतेम एका टँकरइतके पाणी. हेच पाणी नोव्हेंबरमध्ये खर्च झाले असते, तर त्यातून बराचसा पाला निघाला असता.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा गुण दुसऱ्या बाजूने परिचित आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ओल तुटली की ज्वारीला खडखड्या लागतो आणि उभी ज्वारी वाऱ्याने लोळते. अशा धाटाचा जमिनीलगतचा भाग उभा चिरून पाहिला, तर आतला गर नाहीसा होऊन नुसते धागे उरलेले असतात आणि त्या धाग्यांवर काळ्या भुकटीसारखे बारीक कण चिकटलेले दिसतात. ते बुरशीचे बीज. ही बुरशी मातीत असतेच. पण पाने वाळल्यामुळे दाणे भरण्यासाठी पीक धाटातले अन्न ओरबाडू लागते, धाट पोकळ आणि दुबळे होते, आणि तेव्हा तिचे फावते. पाने शेवटपर्यंत हिरवी राहणाऱ्या ज्वारीत धाटावर ही वेळ उशिरा येते, म्हणून ती खडखड्याला आणि लोळण्यालाही कमी बळी पडते. शिवाय हिरव्या पाल्याचा कडबा जनावरे आवडीने खातात, आणि ज्या घरात दावणीला जनावर आहे तेथे वाण निवडताना कडब्याचे वजन दाण्याइतकेच पाहिले जाते.

जनुक शोधतात तरी कसे?

हिरवी राहणारी आणि लवकर वाळणारी अशा दोन ज्वारींचा संकर करून त्यांची शेकडो संतती वाढवतात. प्रत्येक संततीत दोन्ही पालकांच्या गुणसूत्रांचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे मिसळलेले असतात. कोणता तुकडा कोणाकडून आला, हे सांगणाऱ्या खुणा गुणसूत्रांवर ठिकठिकाणी असतात. त्यांना मार्कर म्हणतात. कोणता तुकडा असला की पाने हिरवी राहतात, हे नंतर आकडेमोड करून काढता येते. २००९ मध्ये ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा मजकूर, वाचून झाला आणि हे काम बरेच सोपे झाले. एकदा मार्कर हाती आला की प्रत्येक पिढीत ताण देऊन पीक तपासत बसावे लागत नाही. रोपाच्या पानाचा छोटा तुकडा तपासून ते ठेवायचे की उपटायचे हे ठरवता येते.

अडचण खरी पुढे असते. मुळे पाणी कधी आणि किती घेतात, हे जमिनीखाली घडत असल्याने दिसत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने यासाठी सुमारे दोन मीटर लांबीचे प्लास्टिकचे जाड नळ उभे पुरले, त्यांत काळी माती भरली, प्रत्येक नळात ज्वारीचे एकेक झाड वाढवले आणि ठरावीक दिवसांनी अख्खा नळ यारीने उचलून वजन केले. वजनातली घट म्हणजे त्या झाडाने खर्च केलेले पाणी. व्हिन्सेंट व्हादेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने बी ३५ मधले तेच गुणसूत्रांचे तुकडे दोन वेगवेगळ्या वाणांत घालून पाहिले, तेव्हा परिणाम सारखे आले नाहीत. एका वाणात ज्याचा फायदा दिसला, तो दुसऱ्यात तसा दिसला नाही. तुकडा तोच, पण ज्या वाणात तो गेला त्याची मुळे, त्याचा पसारा आणि त्याची इतर जनुके वेगळी. ‘दुष्काळाचे जनुक सापडले’ अशा मथळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, त्याचे मुख्य कारण हे आहे.

याच नळांनी बाजरीबद्दलही एक मोलाची गोष्ट पुढे आणली. ताण सोसणाऱ्या काही बाजरी जमिनीत पाणी असतानाही, भर दुपारी हवा फार कोरडी झाली की छिद्रे थोडी आवळून घेतात. सकाळी मिळणारा कार्बन थोड्या पाण्यात पडतो, दुपारी तेवढ्याच कार्बनसाठी पाणी दुपटीने जाऊ शकते. तेव्हा महाग वेळी व्यवहार आवरता घेण्याची ही सवय शेवटच्या ताणात फळाला येते.

मुळे खोल गेली की प्रश्न मिटला, नाही का?

मुळांचा कोन ठरवणारे एक जनुक, डीआरओ १, जपानी संशोधकांनी भातात शोधले आणि २०१३ मध्ये त्याचे काम प्रसिद्ध झाले. त्याचा खोल जाणारा प्रकार ‘आयआर ६४’ या उथळ मुळांच्या वाणात घातल्यावर मुळे खाली वळली आणि ताणातही उत्पादन बरेच टिकले. ज्वारीतही मुळांच्या कोनावर असे काम चालू आहे.

पण मूळ खाली जाऊन तेथे ओल सापडायला हवी. गोदाकाठच्या एक मीटर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा-आष्टीकडे, वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तेथे हौदच लहान. अशा रानात खोल मुळांचा, उशिरा पिकणारा वाण पेरला तर खोल मुळांचा काहीच लाभ होत नाही आणि उशीर मात्र नडतो. म्हणून कृषी विद्यापीठे जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे वाण सुचवतात: हलक्या जमिनीसाठी राहुरीचा फुले अनुराधा, भारीसाठी फुले वसुधा किंवा परभणी मोती. दुकानात ‘दुष्काळात चालणारे बियाणे द्या’ असे म्हणण्यापेक्षा आपली माती किती खोल आहे हे सांगितले, तर निवड बरीच अचूक होते.

काळ्या जमिनीला भेगा पडून त्यांतून उडून जाणाऱ्या पाण्यावर तर कोणत्याही जनुकाचा ताबा नाही. त्यावर कोळपणीच करावी लागते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे आपल्याकडे म्हणतात. त्यातला ‘अर्धे’ शब्दशः घेऊ नये, पण कोळपलेली भुसभुशीत माती भेगा बुजवते आणि खालची ओल धरून ठेवते, हे खरेच आहे.

पाणी वाचवणारे पीक चांगल्या वर्षी मार खाणार नाही का?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लहान पसाऱ्याचे पीक भरपूर पाऊस झालेल्या वर्षी थोडे मागे राहू शकते, हे पहिल्या भागातल्या हिशोबावरूनच उघड आहे. मात्र तोटा किती, हे गुणाप्रमाणे बदलते. ऑस्ट्रेलियातल्या ज्वारीच्या अनेक चाचण्यांत हिरव्या पानांचा गुण कमी उत्पादनाच्या वर्षी फायद्याचा ठरला आणि चांगल्या वर्षी त्याचा तोटा बहुतेक ठिकाणी किरकोळ राहिला. कोरड्या दुपारी छिद्रे आवळण्याच्या सवयीचेही तसेच, कारण ढगाळ, दमट दिवशी ती आपोआप गैरलागू होते. याउलट थोडा ताण येताच छिद्रे गच्च मिटणारे पीक चांगल्या वर्षीही किंमत मोजते. म्हणून एखाद्या नव्या वाणाची माहिती वाचताना दुष्काळी वर्षाच्या आकड्याशेजारी चांगल्या वर्षाचा आकडा दिला आहे का, हे जरूर पाहावे. जाहिरातीत तो सहसा नसतो.

मग हे सगळे जुन्या मालदांडीत होतेच की!

बरेचसे होते. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात सोलापूरजवळ मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडला गेला. शेवटचा ताण सोसणे, मोत्यासारखा दाणा, चवदार भाकरी आणि भरपूर कडबा या गुणांवर तो आजही पेरला जातो. इतकी वर्षे टिकलेला दुसरा वाण दाखवणे कठीण आहे. खरिपात संकरित ज्वारीने जे करून दाखवले ते तिला रब्बीत तेवढे जमले नाही, याचे एक कारण मालदांडीने ठेवलेली ही उंच पट्टी आहे.

पण देशी वाण म्हणजे परिपूर्ण असे मानणे हाही भाबडेपणा आहे. मालदांडीची निवड ज्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी केली, त्यांनी शेतात जे डोळ्यांना दिसले त्यातून निवडले. इथिओपियातल्या ज्वारीत काय दडले आहे हे त्यांना पाहता येण्याजोगे नव्हते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती आणि परभणी ज्योतीसारखे वाण देताना दाण्याची आणि भाकरीची ही जुनी प्रत सांभाळून उत्पादन वाढवण्याचा मार्ग धरला. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण भाकरी न आवडलेला वाण कितीही काटक असला तरी दुसऱ्या वर्षी पेरला जात नाही.

हे म्हणजे जीएम पीक झाले का?

आतापर्यंत सांगितलेल्यापैकी बहुतेक काम साध्या संकरातून आणि मार्करच्या मदतीने झालेले आहे. त्यात परके जनुक नाही. जीएम म्हणजे दुसऱ्या सजीवाचे जनुक पिकात घालणे. तशी उदाहरणेही आहेत. अमेरिकेत २०१३ पासून विकल्या जाणाऱ्या एका मक्यात मातीतल्या जिवाणूचे जनुक आहे आणि मध्यम ताणात त्याचा थोडा फायदा होतो. अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिलेल्या ‘एचबी ४’ गव्हात सूर्यफुलाचे जनुक आहे. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी असलेले जीएम पीक अजूनही फक्त बीटी कापूस आहे.

जनुकीय संपादन या दोहोंच्या मध्ये बसते. त्यात पिकाच्या स्वतःच्या जनुकातली काही अक्षरे ठरवून बदलली जातात आणि शेवटी हाती येणाऱ्या वाणात बाहेरचे जनुक राहत नाही. असा बदल निसर्गातही अपघाताने घडू शकतो, या युक्तिवादावर केंद्राने २०२२ मध्ये या प्रकारच्या पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. या सुटीला विरोध करणारे दोन मुद्दे मांडतात: ही पिके दीर्घकाळ तपासली गेली नाहीत, आणि संपादनाच्या तंत्राची पेटंटे परदेशांत आहेत. पहिला मुद्दा तपासणीने सुटण्यासारखा आहे. दुसरा मला अधिक काळजीचा वाटतो, कारण बियाणे घरचे ठेवण्याचा हक्क हा ज्वारीच्या शेतकऱ्याने आजवर कधी गमावलेला नाही.

एवढी काटक ज्वारी असूनही तिचा पेरा का घटतो आहे?

कारण पेरा ठरवताना पाणी ही एकच बाब पाहिली जात नाही. खरिपात सोयाबीनने जमीन व्यापली, आणि सिंचनाची थोडी सोय असली तरी रब्बीत हरभरा अनेकांना सोयीचा वाटतो. ज्वारी उपटणे, कापणे, पेंढ्या बांधणे आणि कणसे मोडणे ही सगळी अंगमेहनतीची कामे, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात त्यांना माणसे मिळत नाहीत. यंत्राने काढायची तर ज्वारी बुटकी आणि एकसारख्या उंचीची हवी. बुटकी केली की कडबा घटतो, आणि कडब्याला चांगला भाव असलेल्या वर्षी शेतकरी ते मान्य करत नाही. उंची ठरवणारी ज्वारीची जनुके शास्त्रज्ञांना गेल्या शतकापासून ठाऊक आहेत. दाणा, कडबा आणि यंत्र या तिघांना चालेल अशी उंची रब्बीच्या ओलीवर कशी साधायची, यावर पैदासकारांना आता काम करावे लागणार आहे.